परसातून पानात : कोशिंबिरीचा मागोवा

महाराष्ट्रात पान वाढण्याची एक ठरलेली रीत आहे. उजवीकडे भाजी आणि आमटी, डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर. उन्हाळ्याच्या दिवसांत या डाव्या बाजूचे महत्त्व वाढते. आमटीभात नकोसा होतो, पण काकडी, कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, दाण्याचे कूट, कोथिंबीर, दही आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी अशी वाटीभर कोशिंबीर पुढे आली की जेवणात पुन्हा लक्ष लागते. ही वाटी आपल्याला अनादी वाटते. प्रत्यक्षात तिच्यातला प्रत्येक जिन्नस वेगळ्या शतकात, वेगळ्या वाटेने आला आहे. काकडी इथली, कांदा मध्य आशियातला, मिरची, टोमॅटो आणि भुईमूग अटलांटिकपलीकडचे. या सगळ्यांची गाठ पडली ती घरामागच्या परसात. कोशिंबिरीचा इतिहास शोधायचा तर राजवाड्यांच्या मुदपाकखान्यापेक्षा परसातल्या आळ्यांत आणि वाफ्यांत अधिक सापडेल. त्या वाटेने आपण सावकाश चालत जाऊ.

आरंभ काकडीपासून करणे योग्य, कारण या पंगतीतली ती सर्वांत जुनी यजमान आहे. हिमालयाच्या पायथ्याशी आजही एक रानकाकडी उगवते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला हार्डविकी म्हणतात. फळ लहान आणि चवीला कडूजहर. आपली काकडी याच कुळातून माणसाने निवडत निवडत गोड केली, आणि हे काम भारतात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी झाले असे मानले जाते. कडवटपणा मात्र पूर्ण गेला नाही. ऊन फार तापले किंवा वेलीला पाण्याचा ताण पडला की कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये वाढतात आणि विशेषतः देठाकडे उतरतात. देठाकडचा तुकडा आधी कापून चाखण्याची घरोघरची सवय त्या रानटी पूर्वजाचीच आठवण आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या, महामृत्युंजय म्हणून प्रसिद्ध असलेल्या मंत्रात ‘उर्वारुक’ या काकडीवर्गातल्या फळाचा उल्लेख येतो. पिकलेले फळ देठापासून सहज सुटते, तशी मृत्यूपासून सुटका व्हावी, अशी ती प्रार्थना. वेलीवर फळ पिकताना रोज पाहणाऱ्यालाच ही उपमा सुचावी.

पुढे हे वेल शास्त्रग्रंथांत शिरले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्ष, म्हणजे शेतीचा अधिकारी, याची कर्तव्ये सांगताना कोणत्या जमिनीत काय लावावे याचा विचार आहे. नदीच्या फेसाने धुतलेली काठची जमीन वेलींच्या फळांसाठी आणि विहिरीजवळची जमीन भाज्या व कंदमुळांसाठी योग्य, असे तिथे म्हटले आहे. पावसाळ्यानंतर नदीचे पात्र आटते, वाळू उघडी पडते आणि त्या वाळवंटात आळी करून काकडी, खरबूज, कलिंगड लावले जाते. ही पद्धत महाराष्ट्रातल्या नद्यांकाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली, आणि जिथे पाणी व वाळू शिल्लक आहे तिथे ती अजून दिसते. घरच्या बागेचा सर्वांत तपशीलवार जुना उल्लेख मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडतो. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास वात्स्यायनाने लिहिलेल्या कामसूत्राच्या ‘भार्याधिकारिक’ भागात गृहिणीची कामे दिली आहेत. तिने घराजवळ स्वच्छ जागी हिरव्या भाज्यांचे वाफे करावेत, ऊस, जिरे, मोहरी, ओवा यांच्यासारखी झाडे लावावीत. मुळा, पालक, वांगे, कोहळा, दुध्या, सुरण, लसूण, कांदा आणि एर्वारुक व त्रपुस ही काकडीची दोन भावंडे यांचे बी जमवून ठेवावे आणि योग्य काळी पेरावे. बी राखणे हे गृहिणीचे शास्त्रसंमत काम होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. पुढच्या सोळा-सतरा शतकांचा आधार तीच आहे.

कच्च्या भाजीकडे वैद्यांनी सावधपणे पाहिले. चरकसंहितेत कोवळा मुळा दोषहर आणि जून मुळा दोष वाढवणारा सांगितला आहे. दह्याबद्दल तर चरक फारच काटेकोर आहे. ते रात्री खाऊ नये, आणि शरद, ग्रीष्म व वसंत या ऋतूंत शक्यतो टाळावे. खायचेच तर तूप, साखर, मूग, मध किंवा आवळा यांपैकी कशाची तरी जोड द्यावी. आपल्या दह्यातल्या कोशिंबिरीत पडणारी चिमूटभर साखर थेट या सूत्रातून आली असा दावा करता येणार नाही. पण नुसते दही न खाता त्याला काहीतरी जोड देण्याची दृष्टी किती जुनी आहे, ते यावरून कळते. त्या काळी तिखटपणा मिळे तो आले, मिरे, पिंपळी आणि मोहरी यांतून. मोहरी पाणी घालून वाटायची आणि नाकात झणका जाईपर्यंत फेसायची ही रीत मराठी स्वयंपाकात टिकून आहे. केळ्याच्या किंवा काकडीच्या कोशिंबिरीला फेसलेली मोहरी लावली जाते, तेव्हा मिरचीपूर्वीच्या काळाची चव आपल्या जिभेवर असते.

कांद्याचा रस्ता अधिक खडतर होता. मध्य आशियातून आलेला हा कंद भारतात फार पूर्वी रुजला, कामसूत्रातल्या बियांच्या यादीतही त्याला जागा मिळाली, तरी प्रतिष्ठेच्या पंगतीत तो बराच काळ वर्ज्य राहिला. सातव्या शतकात भारतभर फिरलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सुमारे ६४१ मध्ये दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. कांदा-लसूण खाणारे थोडे असतात आणि खाणाऱ्याला वस्तीबाहेर काढले जाते, असे त्याने भारतीयांबद्दल नोंदवले आहे. या पार्श्वभूमीवर तेराव्या शतकातले संत सावता माळी किती मोठे वळण ठरतात पाहा. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचा हा माळी. परंपरा त्यांचा काळ १२५० ते १२९५ असा देते. पंढरीला न जाता मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या सावतोबांनी आपल्या प्रसिद्ध अभंगात कांदा, मुळा आणि भाजीपाल्यालाच विठाई म्हटले. ज्या कंदाला गावाबाहेर घालवले होते, त्याला त्यांनी देवाच्या रूपात आणून बसवले. कोशिंबिरीच्या इतिहासात याहून मोठी घटना मला दिसत नाही.

याच अभंगात एक कोडेही दडले आहे. आज तो गायला जातो तेव्हा त्यात लसणीबरोबर मिरचीही येते. मिरचीचे झुडूप मूळचे अमेरिकेतले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवे घेतले, आणि त्यानंतर मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. सावतोबांच्या मळ्यात ती असणे शक्य नाही. हा शब्द पुढे गाणाऱ्यांच्या तोंडून अभंगात आला असावा, किंवा मुळात तो मिऱ्यासाठी असावा. दोन्हींपैकी काहीही खरे असले, तरी गाणाऱ्या पिढ्यांना मिरचीशिवाय मळा डोळ्यांसमोर येईना, इतकी ती इथली झाली, एवढे निश्चित. गोव्यातून कोकणात आणि घाट चढून देशावर मिरची पसरली ती कोणत्याही फर्मानाशिवाय. एका वाळलेल्या मिरचीत डझनावारी बिया असतात, त्या पुढच्या पावसात परसात टाकल्या की काम झाले. मिऱ्यासाठी मलबारच्या व्यापाऱ्यावर अवलंबून असलेल्या घराला तिखट प्रथमच स्वतःच्या दारात पिकवता आले. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतलाच, पण तो संथपणे आला. मुंबई इलाख्यात त्याची लागवड खऱ्या अर्थाने फोफावली ती एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ज्या दाण्याच्या कुटाशिवाय खमंग काकडी आपल्याला पुरी वाटत नाही, ते कूट या वाटीत अगदी अलीकडचे आहे. कोकणातले ओले खोबरे आणि देशावरचे तीळ-कारळ्याचे कूट हे त्याचे वडीलधारे.

सतराव्या शतकात मराठी मुलुखात बाग आणि भोजन या दोन्ही विषयांवर लेखणी चालली. समर्थ रामदासांच्या (१६०८-१६८१) नावावर ‘बागप्रकरण’ आहे. त्यात बागेत लावायच्या झाडाझुडपांची नावे प्रेमाने गुंफली आहेत. त्यांचेच स्नेही रघुनाथ गणेश नवहस्त पुढे तंजावरला गेले. व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांच्या आश्रयाने त्यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. भांडारकर संस्थेतले साक्षेपी संशोधक प. कृ. गोडे यांनी त्याचा काळ १६७५ ते १७०० असा ठरवला. धान्ये, भाज्या, दही-दुधाचे प्रकार आणि त्यांचे गुणदोष सांगणाऱ्या या ग्रंथात अनेक पदार्थांची मराठी नावेही आढळतात. योगायोग असा की १६९९ मध्ये, त्याच सुमारास, इंग्लंडमध्ये जॉन एव्हलिन याने ‘अ‍ॅसिटेरिया’ नावाचे पुस्तक फक्त सॅलडवर लिहिले. तेल, सिरका आणि मीठ यांचा मेळ कसा साधावा हे त्याने सांगितले, आणि त्याचा सारा भर घरच्या बागेतून नुकत्याच खुडलेल्या पाल्यावर होता. एकमेकांची नावेही ठाऊक नसलेल्या या दोन लेखकांना ताटातल्या हिरव्या भाजीचा विचार ग्रंथाच्या योग्यतेचा वाटला.

तंजावरच्या उल्लेखावरून दक्षिणेकडे थोडे वळले पाहिजे, कारण कोशिंबिरीची सख्खी भावंडे तिकडेच आहेत. कर्नाटकातली कोसंबरी भिजवलेली मूगडाळ, काकडी, खोबरे आणि मोहरीची फोडणी यांची असते आणि रामनवमीला पानकाबरोबर वाटली जाते. महाराष्ट्रात तोच ऋतू चैत्रगौरीचा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर गौर बसते, हळदीकुंकू होते आणि आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे वाटले जातात. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून, तिच्यात कैरीचा कीस घालून, वर हिंग-हळदीची फोडणी दिलेला हा पदार्थ चुलीवर शिजतच नाही. ही आपली खरी उन्हाळी कोशिंबीर. दारची कैरी पाडाला येण्यापूर्वीच्या नेमक्या आठवड्यांत तिचा सण बसवला आहे. कच्च्या कांद्याचेही असेच वेळापत्रक आहे. उन्हाळ्यात भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा ही शेतकऱ्याची रोजची न्याहारी. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, तो पोटभर खायचा आणि चातुर्मासात सोडायचा. पावसाळ्यात साठवणीचा कांदा सडू-कोंबू लागतो, आणि त्याच वेळी परसात काकडीचे वेल मांडवावर चढतात. कोकणातली थोराड तवशी श्रावण-भाद्रपदात पिकतात, ती याच साखळीची पुढची कडी.

एकोणिसाव्या शतकात परसाला नवा शेजार मिळाला. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. १८३० मध्ये ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली, जी आज पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनची देखभाल करते. कोबी, बीट, विलायती गाजर अशा भाज्या छावण्यांतल्या साहेबांच्या बंगल्यांतून, त्यांच्या माळ्यांच्या हातून शहराभोवतालच्या मळ्यांत गेल्या. या सर्वांत टोमॅटोची कहाणी विलक्षण आहे. इटालियन वैद्य मॅत्तिओली याने १५४४ मध्ये त्याची नोंद केली, पण तो विषारी असेल या भीतीने युरोपनेच त्याला दीर्घकाळ दूर ठेवले. भारतातही १८८९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या आर्थिक वनस्पतिकोशात जॉर्ज वॅट याने लिहिले की टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी लावला जातो, देशी लोकांना त्याची चव आता कुठे कळू लागली आहे. मराठीत त्याला वेलवांगे म्हणत, आणि रंगामुळे अनेक सोवळ्या घरांत तो विसाव्या शतकातही निषिद्ध होता. शंभर-सव्वाशे वर्षांत हा संशयित पाहुणा कांद्याच्या बरोबरीने कोशिंबिरीचा मालक होऊन बसला.

याच काळात आणखी एक बदल घडला. तोवर सासूकडून सुनेकडे तोंडी जाणारी विद्या छापली जाऊ लागली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे, सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ १९४३ ची, आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप देऊन परगावी संसार मांडणाऱ्या मुलींची सोय केली. दरम्यान विज्ञानाने कच्च्या भाजीला नवे वजन दिले. १९१२ मध्ये कासिमिर फुंक याने जीवनसत्त्वाची कल्पना मांडली, आणि उष्णतेने नाश पावणाऱ्या क जीवनसत्त्वामुळे न शिजवलेला घास महत्त्वाचा ठरला. १९३७ मध्ये कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. गांधीजींनी १९२९ मध्ये साबरमतीला न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहायला घेतलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात त्यांनी रोजच्या आहारात एक औंस कच्च्या भाज्यांचा समावेश केला. १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. चरकापासून जिच्याकडे जपून पाहिले गेले, ती कच्ची भाजी आता औषधाच्या मानाला पोहोचली.

नेमक्या याच वेळी तिच्या पायाखालची जमीन सरकत होती. कोशिंबिरीची थोरवी पटली, पण परस गेला. चाळीच्या दोन खोल्यांत आळे कुठे करणार? न्हाणीघराचे पाणी ज्या अळवाला आणि केळीला मिळे, ते गटारात जाऊ लागले. महायुद्धाच्या टंचाईत, १९४२-४३ पासून, ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेने मोकळ्या जागा लागवडीखाली आणण्याचा आग्रह धरला, पण शहरे वाढतच गेली आणि काकडी ही मंडईतून आणायची वस्तू झाली. या वळणावर कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. गणिताच्या या प्राध्यापकाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्यांनी द्राक्षबागायतदारांना पानांचे आणि मुळांचे हिशेब शिकवले, उसाचे चिपाड, पालापाचोळा आणि मूठभर माती यांवर गच्चीतही भाजी पिकते हे दाखवले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी पिशव्यांत आणि पिंपांत बाग फुलवली. २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. नदीकाठ, विहिरीचा काठ, घरामागचा परस आणि आता गच्ची, असा हा वाफा स्थलांतर करीत आला आहे.

आज गच्चीत किंवा गॅलरीत काकडी लावणाऱ्याकडे पूर्वीच्या कुठल्याही पिढीपेक्षा अधिक साधने आहेत. ‘पुणा खीरा’ हे जुने वाण आहेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याच्यापासून संकर करून ‘हिमांगी’ हे पांढरट, कोवळ्या सालीचे वाण स्थिर केले. अलिबागच्या गोड पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण एक धागा मात्र तुटला आहे. वात्स्यायनाच्या काळापासून घरात राखले जाणारे बी आता दरवर्षी पाकिटातून येते, आणि संकरित पाकिटातल्या फळाचे बी पुढच्या वर्षी आईवर जात नाही. ज्या कोशिंबिरीत प्रत्येक शतकाने एकेक पाहुणा आणला, तिच्यात नवे जिन्नस येण्याची मला काळजी नाही. झुकिनी आणि लेट्यूसही उद्या आपल्या फोडणीला सरावतील. या पदार्थाचे खरे जुनेपण जिन्नसांत नाहीच. ते आहे सकाळी वेलीवरून तोडलेले दुपारी पानात वाढण्यात, ऐन वेळी मीठ लावण्यात आणि एक फळ बियांसाठी वेलीवर सोडण्यात.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. जानेवारी-फेब्रुवारीत खोल कुंडीत किंवा गोणीत ‘पुणा खीरा’ किंवा ‘हिमांगी’ यांच्यासारख्या सरळ वाणाच्या चार बिया टोका, कडेला दोरीचा मांडव करा, मुळाशी पाल्याचे आच्छादन घाला आणि पाण्याचा खाडा होऊ देऊ नका. दीड-दोन महिन्यांत काकड्या हाती येतील. त्या कोचवून खमंग काकडी करा, शेजाऱ्यांना द्या. पण वेलीवरचे सर्वांत चांगले एक फळ तोडू नका. ते पिवळे-तांबूस होऊन पुरते पिकले की त्यातले बी धुऊन सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडीवर वाणाचे नाव व साल लिहून ठेवा.